गाडीचा पोचा: कुठे हात घालावा, कुठे घालू नये

(मंडळाच्या सप्टेंबर महिन्यातील बैठकीत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय जाहीर झाल्यापासून मला पार्किंग लॉटमध्ये जो भेटतो तो आधी आपल्या गाडीचा पोचा दाखवतो आणि मग "कसा आहेस?" विचारतो. त्यामुळे श्रोत्यांची वाण पडणार नाही याची खात्री होतीच! बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत एखादी बिनपोच्याची असेल, तर ती मालकाने कालच शोरूममधून आणलेली असणार. शॉपिंग कार्ट, शेजारच्या गाडीचं दार, आपल्याच गराजची चौकट, मुलांची सायकल, गारा आणि अंधारात आडवं येणारं हरीण, ही सगळी मंडळी आपल्या गाडीवर सही करून गेलेली असतात.

बॉडी शॉपमध्ये खर्चाचा अंदाज विचारावा, तर आकडा ऐकून आपल्यालाच पोचा पडतो. आठशे डॉलर, बाराशे डॉलर. इन्शुरन्सचं डिडक्टिबल पाचशे किंवा हजार, म्हणजे क्लेम करूनही हाती फार काही लागत नाही. मग माणूस यू-ट्यूबवर जातो. तिथे एक गृहस्थ उकळतं पाणी ओततो, दुसरा टॉयलेटचा प्लंजर लावतो, तिसरा हेअर ड्रायर फिरवतो, आणि 'टक्' असा आवाज होऊन गाडी नवी! आपण करायला जातो, तेव्हा पोचा जागच्या जागी आणि शिवाय रंग उडालेला.

मी काही बॉडी शॉपवाला नाही. कॉम्प्युटर इंजिनियर आहे, पण गेली काही वर्षं शनिवार-रविवारी गराजमध्ये हे उद्योग करतो. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं तिच्यातून निघतं. गाडीची बॉडी दोन कामं करते. पहिलं काम, चांगलं दिसणं आणि ऊन-पाऊस बाहेर ठेवणं. दुसरं काम, अपघातात आतल्या माणसांना वाचवणं. पहिल्या कामातली दुरुस्ती घरी करता येते. दुसऱ्या कामातल्या दुरुस्तीला हात लावू नये. पंचाईत अशी की ही दोन्ही कामं करणारे भाग एकाच रंगाने रंगवलेले असतात आणि एकमेकांना चिकटून असतात. म्हणून हातोडी उचलण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. हा भाग कशाचा आहे? रंग फुटला आहे का? आणि याच्या मागे काय आहे?

तांबट आळीतला धडा

पहिला प्रश्न, कशाचा आहे. दार, फेंडर म्हणजे आपल्या भाषेत मडगार्ड, ट्रंक म्हणजे डिकी, हे बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्याचे असतात. हा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो, बस! बंपरचं बाहेरचं कव्हर प्लास्टिकचं असतं. हूड, म्हणजे बॉनेट, हल्ली बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, आणि फोर्डच्या एफ-१५० ट्रकची तर २०१५च्या मॉडेलपासून सगळी बॉडीच ॲल्युमिनियमची आहे. फ्रिजवरचा लोहचुंबक घेऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घाला, म्हणजे कळेल.

आता पत्रा वाकतो म्हणजे काय होतं? तुमच्यापैकी पुण्याचे जे आहेत त्यांनी कसब्यातली तांबट आळी पाहिली असेल, निदान ऐकली तरी असेलच. ती ठकठक मी लहानपणी ऐकलेली आहे. तांबट घागरीवर एकसारखे ठोके देत जातो, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी भांडं नुसतं चमकत नाही, ते कडक होतं. धातूवर जितका मार बसतो तितका तो ताठ होत जातो. म्हणून तांबट मध्येच भांडं भट्टीत तापवून मऊ करून घेतो आणि मग पुढे ठोकतो. तसं केलं नाही तर तांब्याला चीर जाते.

तुमच्या दारावर शॉपिंग कार्ट आदळली तेव्हा असंच मठारकाम झालं, फक्त एका ठोक्यात. पत्रा थोडा वाकला तर स्प्रिंगसारखा परत येतो. एका हद्दीपलीकडे वाकला की तो त्याच आकारात राहतो, आणि जिथे सगळ्यात जास्त वाकला तिथे कडक होतो. पोच्याभोवती बोट फिरवून पाहा, एक उंचवट्याची कड लागेल. ती कड कडक झालेली असते आणि तीच मधल्या भागाला आत धरून ठेवते. मधला भाग पुष्कळदा बिचारा बाहेर यायला तयारच असतो!

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, मोठा, उथळ, गोल पोचा हा छोट्या, टोकदार पोच्यापेक्षा सोपा. दिसायला भयंकर, काढायला सोपा. उलट दाराच्या मधल्या रेघेवर पडलेली बोटभर घडी भल्याभल्यांना दाद देत नाही. दोन, मधोमध जोर लावून पोचा निघत नाही. आधी कड हळूहळू सोडवायची, मग मधला भाग. आपण नेमकं उलट करतो.

हेअर ड्रायरचं काय? एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा १०० अंश सेल्सिअसने तापवला तर तो जेमतेम १.२ मिलिमीटर वाढतो. एवढ्याने पोचा उड्या मारत बाहेर येत नाही. गरम करण्याचा खरा उपयोग हा, की रंग थोडा मऊ होतो आणि पत्रा सरळ करताना तडकत नाही. प्लास्टिकच्या बंपरची गोष्ट मात्र वेगळी. ते प्लास्टिक तापलं की मऊ होतं, म्हणून उकळतं पाणी ओतून आतून ढकललं की ते खरंच जागेवर येतं. यू-ट्यूबवरचा पाण्यावाला खोटं बोलत नाही, फक्त त्याने दाखवलेली युक्ती दाराला लावायची नसते.

रंग शाबूत असेल तर

दुसरा प्रश्न, रंग फुटला आहे का. कारखान्यात पत्र्यावर रंगाचे थर चढतात. सगळ्यात आत गंजरोधक थर, त्यासाठी अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने तो बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढं. एवढ्याशा आवरणावर गाडीचं आयुष्य अवलंबून असतं. म्हणून ते शाबूत असेल तर ते वाचवणं हे पहिलं कर्तव्य.

शाबूत रंगाच्या पोच्यासाठी ग्लू-पुलर नावाचा संच मिळतो. गरम गोंदाने प्लास्टिकची टिकली पोच्याला चिकटवायची आणि छोट्या पुलाने ओढायची. संचाबरोबर येणारी हातोडी आणि प्लास्टिकची काडी फार महत्त्वाची आहे. ओढलं, की उंचवट्याच्या कडेवर हलके ठोके. पुन्हा ओढलं, पुन्हा ठोके. वीस-पंचवीस वेळा. गोंद स्पिरिटने सोडवायचा, नखाने खरवडायचा नाही. रंग पूर्वी कुठे पुन्हा मारलेला असेल तर हा प्रयोग करू नका, टिकलीबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येतो.

काम कसं झालं हे पोच्याकडे बघून कळत नाही, पोच्यातल्या प्रतिबिंबाकडे बघून कळतं. गराजमधल्या ट्यूबलाइटची रेघ पत्र्यावर पाहायची. रेघ सरळ म्हणजे पत्रा सरळ. नव्वद टक्के काम झालं की थांबा. शेवटचे दहा टक्के काढण्याच्या नादात पत्रा ताणला जातो आणि मग तो डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करायला लागतो. गारांचे पोचे असतील, म्हणजे हूडवर आणि छतावर शंभर-दीडशे खळगे, तर इन्शुरन्सला सांगा. ते काँप्रिहेन्सिव्हमध्ये येतं, हरीणसुद्धा त्यातच येतं.

रंग फुटला असेल तर

इथे खरा शत्रू पोचा नव्हे, गंज. आपण राहतो तिथे शिकागोच्या परिसरात हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. लोखंड, पाणी आणि हवा एवढ्यावरही गंज चढतो, पण मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजण्याची क्रिया वीजरसायनिक असल्याने ती झपाट्याने होते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो शेजारचा चांगला रंगही उचलून फुगवतो. आज दिसणारा तांदळाएवढा ठिपका आतून रुपयाएवढा झालेला असतो.

आधी साधा ओरखडा घ्या. त्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने जातो. नख अडकलं पण तळाशी पांढरं-करडं दिसतंय, म्हणजे प्रायमरपर्यंत गेलाय. चमकतं किंवा तपकिरी दिसत असेल तर पत्र्यापर्यंत गेलाय, आणि तो या हिवाळ्याच्या आत बंद करायचाच. स्वच्छ धुऊन, वाळवून, गंज घासून, एक टिपका प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. टच-अप पेनने अर्ध्या तासाचं काम. दिसायला फार सुंदर होणार नाही, पण दार वाचेल.

रंगाचा नंबर लागतो. 'पांढरा' म्हणून चालत नाही. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तो असतो. टोयोटाचा ०४० म्हणजे सुपर व्हाइट, होंडाचा एनएच-५७८ म्हणजे टॅफेटा व्हाइट. एवढं असूनही दहा वर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीशी नवा रंग तंतोतंत जुळत नाही. चंदेरी आणि मोतिया रंग तर घरी जुळतच नाहीत असं समजून चाला. बॉडी शॉप जो पैसा घेतं त्यातला बराच याच कामाचा असतो, शेजारच्या दारावर रंग हळूहळू विरवत नेऊन जोड लपवायची.

आता पुट्टी. घरच्या फर्निचरला लांबी भरताना तुम्ही पाहिलं असेल, तोच प्रकार. इथे सगळे तिला बाँडो म्हणतात, जसं आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. पूर्वी गाड्यांच्या खळग्यात शिसं वितळवून भरत असत, १९५०च्या दशकात ही पॉलिएस्टरची पुट्टी आली आणि काम सोपं झालं. पद्धत अशी.

आधी पत्रा जितका बाहेर येईल तितका काढायचा. पुट्टीचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास राहिला पाहिजे, सहाच्या वर तर कधीच नको. जाड पुट्टी म्हणजे पुढच्या वर्षीची भेग. मग ८० नंबरचा सँडपेपर, आपल्याकडे ज्याला पॉलिश पेपर म्हणतात, तो घेऊन खळग्यातला रंग पत्र्यापर्यंत काढायचा. गरजेपेक्षा जास्त जागा उघडी करू नका, कारण आजकालच्या पत्र्यावर बहुधा जस्ताचा थर असतो आणि तो घासून गेला की पुन्हा येत नाही. मेणविरहित क्लीनरने पुसून घ्यायचं.

पुट्टीत हार्डनर वजनाच्या साधारण दोन टक्के घालायचा, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. कमी पडला तर पुट्टी मऊ राहते, जास्त झाला तर पुढे रंगातून डाग उमटतो. कालवल्यापासून तुमच्याकडे तीन ते पाच मिनिटं असतात, म्हणून थोडी-थोडी कालवा. पोहे भिजवायला घेतल्यासारखी सगळी एकदम नको! भरताना खळग्याच्या थोडं बाहेरपर्यंत न्यायची, वीस मिनिटांनी ८०ने आणि मग १८०ने घासायची, तेही लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या चऱ्या पडतात. ही पुट्टी कोरडीच घासायची, पाणी लावायचं नाही. ती स्पंजसारखी पाणी पिते, आणि ते पाणी पत्र्यापर्यंत पोचतं. त्याच कारणाने पुट्टी लावून गाडी आठवडाभर उघडी फिरवायची नाही. त्यावर बारीक पुट्टी, ३२०ने घासणं, प्रायमर, मग ४०० ते ६०० नंबरने ओलं घासणं, रंगाचे पातळ हात आणि शेवटी क्लिअर कोट. एका हाताचं काम चार पातळ हातांत करायचं. ओघळ आला तर पुसू नका, वाळू द्या आणि मग घासा.

पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर पुट्टी भरू नका. भोक म्हणजे आतल्या बाजूने पत्रा संपला. वरून पुट्टी म्हणजे वरून कीर्तन आणि आतून तमाशा!

फुप्फुसाला पोचा पडला तर?

इथे कृपया विनोद बाजूला ठेवून ऐका. पुट्टीची धूळ घासताना एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच. रंग मारताना एन-९५ पुरत नाही, कारण तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या लावलेला रेस्पिरेटर घ्या. दोन भाग मिसळून मारायचे जे कडक क्लिअर कोट मिळतात, ज्यांना टू-के म्हणतात, त्यांच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा लागू शकतो. बॉडी शॉपमध्ये बाहेरून हवा पुरवलेला मुखवटा घालून ते मारतात. माझं स्पष्ट मत, हे घरी मारू नये. साधा एक-भागी स्प्रे थोडा कमी टिकतो, टिकू दे.

आणखी एक. आपल्या घरांत गराज घराला जोडलेलं असतं आणि बऱ्याचदा गॅसचा वॉटर हीटर तिथेच असतो. त्याची ज्योत आणि रंगाची वाफ यांची गाठ पडली तर काय होईल हे सांगायला नको. स्प्रे बाहेर, ड्राइव्हवेवर, वारा नसताना मारा. मुलांना त्या वेळी आत पाठवा.

मागे काय आहे?

आता तिसरा प्रश्न, आणि हाच खरा मोठा. बंपरपासून सुरू करू. आपण ज्याला बंपर म्हणतो ते नुसतं कव्हर आहे. त्याच्या मागे फोम असतो आणि त्याच्या मागे धातूची आडवी तुळई, खरा बंपर ती. अमेरिकेतला बंपरचा सरकारी नियम पूर्वी ताशी ५ मैलांच्या धडकेचा होता, १९८२मध्ये तो २.५ मैलांवर आणला. तोही फक्त प्रवासी कारना लागू, एसयूव्ही आणि ट्रकना नाही. म्हणजे पार्किंगमधल्या बऱ्यापैकी धक्क्यानेही आतला फोम चुरडू शकतो. वरचं प्लास्टिक मात्र लवचीक, ते पुन्हा बाहेर येतं आणि आपण म्हणतो, "काही झालं नाही!" म्हणून गरम पाणी ओतण्याआधी खाली वाकून, टॉर्च लावून मागे पाहा. फोम तुटलाय किंवा तुळई वाकलीय असं दिसलं की आपलं काम संपलं, गाडी शॉपमध्ये.

बऱ्याच गाड्यांत मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत, कव्हरच्या आत, शेजारची गाडी ओळखणारं रडार असतं. त्याच्यासमोर पुट्टीचा थर किंवा रंगाचे जास्तीचे हात आले तर त्याची नजर बिघडते. दिवा लागेलच असं नाही. ज्या दिवशी ते रडार बोलायला हवं त्या दिवशी ते गप्प राहील, एवढंच. तुमच्या गाडीला ही सोय असेल तर तो कोपरा सोडून द्या.

दाराचंही तसंच. दारात काच आहे, वायरिंग आहे, आणि आडवा मजबूत दांडा आहे, जो इथल्या कारमध्ये १९७३पासूनच्या नियमामुळे आला. कित्येक गाड्यांत साइड एअरबॅगचा दाबमापक सेन्सरही दारातच असतो. छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळलेली असते. तिथे आतून सळई घालून ढोसणं म्हणजे झोपलेल्या वाघाला काडी लावणं. दारांच्या मधले खांब, काचेजवळचे खांब, दाराखालचा उंबरठा, यांत अतिशय कडक पोलाद असतं. ते तापवलं की त्याची ताकद जाते. तिथे पोचा दिसला तर घरचा हातोडा खुंटीला टांगून ठेवा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यालाही माझ्यासारख्या हौशी माणसाने हात लावू नये, तो लवकर कडक होऊन तडकतो. आणि विजेच्या गाडीत नारिंगी रंगाची केबल दिसली की हात मागे.

हे सगळं मी घाबरवायला सांगत नाहीये. टेक्सासमधली एक केस ऐका, कोर्टात गाजलेली आहे. २०१० सालच्या मॉडेलची एक होंडा फिट. गारांनी छत खराब झालं, म्हणून एका बॉडी शॉपने ते बदललं. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे ते वेल्ड करायला हवं होतं. शॉपने ते चिकटवलं. रंग उत्तम, फिनिश उत्तम. पुढे ती गाडी वापरलेली म्हणून एका जोडप्याने विकत घेतली. त्यांना छताची काहीच कल्पना नव्हती. डिसेंबर २०१३मध्ये समोरून आलेल्या पिकअपशी धडक झाली, गाडी दबली, आग लागली, आणि दोघेही अतिशय गंभीर जखमी झाले. २०१७मध्ये डॅलसच्या ज्युरीने शॉपला मुख्य जबाबदार धरलं, शॉपच्या वाट्याची भरपाई ३ कोटी डॉलरच्या वर गेली. बघा, हे काम व्यावसायिकाने केलेलं होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते झकास दिसत होतं.

म्हणून आज आपण जे शिकलो त्याचा सगळ्यात मोठा उपयोग पोचे काढण्यात नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं आता सोळाची होताहेत, लायसन्स घेताहेत, आणि आपण त्यांच्यासाठी जुनी कोरोला किंवा सिव्हिक शोधतोय. नव्याने आलेली मंडळीही पहिली गाडी जुनीच घेतात. तेव्हा ही नजर वापरा. पातळ फडक्यात गुंडाळलेला लहान चुंबक डावी-उजवीकडे त्याच जागी लावून पाहा, एका बाजूला चिकटतो आणि दुसरीकडे घसरतो, म्हणजे तिथे पुट्टी आहे. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का पाहा. फेंडरच्या बोल्टवरचा रंग पाना लावून उडालाय का? दाराच्या रबरावर, काचेच्या कडेवर रंगाचे शिंतोडे आहेत का? ट्रंकमधला गालिचा उचलून खालचा पत्रा पाहा, तिथे सुरकुत्या असतील तर मागून जोरात धडक बसलेली आहे. कारफॅक्सचा रिपोर्ट घ्याच, पण त्यात फक्त नोंद झालेलं येतं. रोख पैसे देऊन केलेली दुरुस्ती तिथे दिसत नाही. दारावर थोडी पुट्टी असली म्हणून गाडी नाकारू नका, दर कमी करून घ्या. खांब, छत किंवा पुढच्या आडव्या तुळईत काम झालेलं दिसलं, तर कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून परत या. शंका असेल तर शंभर-दीडशे डॉलर देऊन स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घ्या, मुलांपुढे तो खर्च काहीच नाही.

श्रोत्यांपैकी एका काकांनी विचारलं, "अरे, छोट्या पोच्यासाठी क्लेम करावा का?" काका, क्लेमची नोंद इन्शुरन्स कंपन्यांच्या सामायिक यादीत सात वर्षांपर्यंत राहते. खर्च डिडक्टिबलच्या थोडाच वर असेल तर खिशातून करणं बरं. पण दुसऱ्या कोणाला धक्का लागला असेल, किंवा आतलं काही वाकल्याची शंका असेल, तर लपवाछपवी नको, कळवून टाका. एका वहिनींनी विचारलं, लीजच्या गाडीचं काय? वहिनी, लीजच्या गाडीवर पुट्टीचा प्रयोग मुळीच करू नका. गाडी परत करण्याआधी लीजच्या कागदपत्रांत किती मोठा पोचा चालतो ते वाचा, छोटे पोचे पुष्कळदा चालवून घेतात.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पुट्टी आणि रंग ५० अंश फॅरनहाइटच्या खाली नीट सुकत नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर अर्धा संपला की ते दिवस गेले. म्हणून या रविवारी गाडी धुवा, उन्हात उभी करा आणि चुंबक व टॉर्च घेऊन एकदा नीट पाहा. पत्रा दिसणारे ओरखडे मोजा आणि टच-अप पेनने तेवढे बंद करा. मोठे पोचे उन्हाळ्यापर्यंत थांबतील, त्यांची कोणाला घाई नाही. मिठाला मात्र असते.

ग्लू-पुलरचा संच मी आणला आहे, ज्यांना हाताळून पाहायचा असेल त्यांनी चहानंतर पार्किंग लॉटमध्ये यावं. गाडी कोणाची घ्यायची ते आपसात ठरवा!